एकोणचाळीस अंकांचा ताळा

चक्रवाढीचे सामर्थ्य विद्यार्थ्यांच्या मनावर ठसवावयाचे असले म्हणजे अर्थशास्त्राचा शिक्षक हमखास बुद्धिबळाच्या पटाची गोष्ट सांगतो. पहिल्या घरात गव्हाचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असे दुप्पट करीत गेल्यास चौसष्टाव्या घरापर्यंत एकूण दाणे होतात १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५. हा आकडा मी अनेक वर्षे फळ्यावर लिहीत आलो. एके वर्षी मागच्या बाकावरील एका विद्यार्थ्याने उभे राहून, हा आकडा मी स्वतः करून पाहिला आहे काय, असे अगदी नम्रपणे विचारले. मी तो केलेला नव्हता. मी ज्या पुस्तकातून तो उतरविला होता त्याच्या लेखकानेही तो कदाचित दुसऱ्या पुस्तकातून उतरविला असेल. त्या रात्री कागद घेऊन बसलो आणि दोनदा चुकून तिसऱ्यांदा तो जुळविला. आकडा बरोबर होता. परंतु तो बरोबर आहे हे मला त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हते, मी ते केवळ मानीत होतो. ठाऊक असणे आणि मानणे यांतील हे अंतर ज्याने आयुष्यभर मोजले, अशा एका फ्रेंच शाळाशिक्षकाची आठवण त्या प्रसंगाने झाली. एदुआर ल्यूका हे त्याचे नाव. इंग्रजी वळणाच्या पुस्तकांत तो ल्यूकस म्हणून भेटतो.

ल्यूकाचा जन्म ४ एप्रिल १८४२ रोजी उत्तर फ्रान्समधील आमिएँ या गावी झाला. शिक्षण पुरे झाल्यावर त्याला पॅरिसच्या वेधशाळेत काम मिळाले. ज्याच्या आकडेमोडीच्या आधारे १८४६ साली नेपच्यून ग्रहाचा शोध लागला, तो ल व्हेरिए हा तेथे ल्यूकाचा वरिष्ठ होता. १८७० साली फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटले तेव्हा ल्यूका तोफखान्यात अधिकारी म्हणून लढला. फ्रान्सचा पराभव झाला. युद्धानंतर तो वेधशाळेत परतला नाही. मुलँ या गावच्या शाळेत गणिताचा शिक्षक झाला. पुढे पॅरिसमधील सँ-लुई आणि शार्लमान्य या नामांकित शाळांत त्याने अध्यापन केले. विद्यापीठातील अध्यासन, शासकीय मानमरातब, शिष्यांचा परिवार यांपैकी काहीही त्याच्या वाट्याला आले नाही. शाळेचे तास, उत्तरपत्रिका आणि उरलेल्या वेळात पूर्णांकांचे वेड, एवढाच त्याचा संसार होता.

मेर्सेनची यादी

ज्या प्रश्नाने ल्यूकाला झपाटले तो सांगावयास सोपा आहे. जिला १ आणि ती स्वतः यांखेरीज कोणीही निःशेष भागू शकत नाही ती मूळसंख्या. २ चा घात घेऊन त्यातून १ वजा केल्यास येणारी संख्या केव्हा मूळ असते? घात २ असता ३, घात ३ असता ७, घात ५ असता ३१, घात ७ असता १२७ येते. या चारही मूळसंख्या आहेत. घात स्वतः मूळ नसेल तर उत्तरही मूळ नसते. बुद्धिबळाच्या पटावरील आमचा आकडा हा २ चा ६४ वा घात उणे १ असून तो ३ ने, ५ ने, १७ ने सुखेनैव भागला जातो. मात्र घात मूळ असूनही उत्तर दगा देते, याचे उदाहरण फार लवकर भेटते. घात ११ घेतला तर २०४७ येतात, आणि २०४७ म्हणजे २३ गुणिले ८९.

या संख्यांना प्राचीन प्रतिष्ठा आहे. ६ चे विभाजक १, २ आणि ३ यांची बेरीज ६ च होते. २८ चेही तसेच. अशा संख्यांना परिपूर्ण संख्या म्हणतात. वरील जातीची एक मूळसंख्या सापडली की तिच्यापासून एक परिपूर्ण संख्या तयार करता येते, हे युक्लिडने दोन हजार वर्षांपूर्वीच दाखवून दिले होते. पॅरिसमधील मारँ मेर्सेन या धर्मोपदेशकाने १६४४ साली एक यादी प्रसिद्ध केली. २५७ पर्यंतच्या घातांपैकी २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७ एवढेच घात मूळसंख्या देतात, असे तिच्यात म्हटले होते. मेर्सेन हा मोठा माणूस. देकार्त, फेर्मा यांच्यासारख्यांशी त्याचा पत्रव्यवहार होता. तथापि यादीतील शेवटचे घात त्याने तपासले असणे शक्यच नव्हते; त्या काळी ते कोणालाही शक्य नव्हते. तरीही यादी चालत राहिली. १७७२ साली ऑयलरने घात ३१ चे उत्तर, म्हणजे २,१४,७४,८३,६४७, हे खरोखर मूळ असल्याचे सिद्ध केले. तेथून पुढे शंभर वर्षे ६७, १२७ आणि २५७ हे तीन घात मेर्सेनच्या शब्दावर उभे होते.

१२७ चे काय करावयाचे? २ चा १२७ वा घात उणे १ ही संख्या अशी:

१७०१४११८३४६०४६९२३१७३१६८७३०३७१५८८४१०५७२७

हे एकोणचाळीस अंक आहेत. एखादी संख्या मूळ आहे की नाही हे ठरविण्याची शाळेतील रीत म्हणजे तिच्या वर्गमुळापर्यंतच्या संख्यांनी भागून पाहणे. येथे वर्गमूळच वीस अंकी आहे. सेकंदाला एक भागाकार या वेगाने सर्व संख्या वापरून पाहावयाच्या झाल्या तर ४१,००० कोटींहून अधिक वर्षे लागतील. सम संख्या गाळल्या, आणखी काही युक्त्या योजल्या, तरी मनुष्याच्या आयुष्यात हा हिशेब बसत नाही. अर्थशास्त्राच्या परिभाषेत सांगावयाचे तर येथे श्रमांचा पुरवठा वाढवून भागण्यासारखे नव्हते. उत्पादनाची पद्धतीच बदलावयास हवी होती.

न भागता मिळालेले उत्तर

पद्धत बदलण्याचे काम ल्यूकाने १८७६ साली केले. भागाकार कोणत्या संख्येने जातो हे शोधण्याऐवजी त्याने संख्येचा ताळा पाहण्याची रीत काढली. ती इतकी सोपी आहे की शाळेतील मुलालाही करून पाहता येईल. ३ पासून आरंभ करावा. त्याचा वर्ग करून २ वजा करावेत, की ७ येतात. पुन्हा वर्ग करून २ वजा केले की ४७. असेच पुढे जावे. मात्र उत्तर तपासावयाच्या संख्येहून मोठे झाले की तिने भागून केवळ बाकी ठेवावी. घात ७ असेल तर अशा ५ पायऱ्या, घात १२७ असेल तर १२५ पायऱ्या; म्हणजे घाताहून दोन कमी. घाताला ४ ने भागून बाकी ३ उरत असेल, तर शेवटच्या पायरीवर बाकी शून्य आली की संख्या मूळ, न आली तर नाही.

१२७ या लहान संख्येवर प्रयोग करून पाहावा. ३ वरून ७, ७ वरून ४७. ४७ चा वर्ग उणे २ म्हणजे २२०७. त्याला १२७ ने भागून बाकी ४८. ४८ वरून २३०२, बाकी १६. १६ वरून २५४, आणि २५४ म्हणजे १२७ ची दुप्पट, बाकी शून्य. पाच पायऱ्यांत निकाल लागला. हीच रीत २०४७ ला लावली तर नवव्या पायरीवर बाकी १०३४ उरते. संख्या मूळ नाही हे कळले. परंतु २३ आणि ८९ यांचे नावही वाटेत कोठे आले नाही.

या शेवटच्या गोष्टीपाशी थोडे थांबले पाहिजे. ज्यांनी कचेरीत किंवा पेढीवर वह्या लिहिल्या आहेत त्यांना ती लगेच उमगेल. वर्षअखेरीस तेरीज जुळत नाही, तेव्हा कोठेतरी चूक आहे हे निश्चित कळते. ती कोणत्या पानावर आहे हे मात्र कळत नाही. ल्यूकाची कसोटी या तेरजेसारखी आहे. तिच्याहून ती एका बाबतीत श्रेष्ठही आहे. तेरीज जुळली म्हणून वह्या निर्दोष ठरत नाहीत. दोन चुका परस्परांना झाकू शकतात. आपल्या शाळांतून शिकविला जाणारा नवाचा ताळाही असाच एका बाजूने दुबळा. तो न जुळला तर उत्तर चूक, जुळला तर कदाचित बरोबर. ल्यूकाचा ताळा दोन्ही बाजूंनी निकाल देतो.

असे का व्हावे? ३, ७, ४७ या संख्या एका मोठ्या श्रेणीतील निवडक पदे आहेत. १, ३, ४, ७, ११, १८ अशी ती श्रेणी असून तीत प्रत्येक पद मागील दोहोंच्या बेरजेइतके असते. तिला आज ल्यूकाचेच नाव आहे. १, १, २, ३, ५, ८ ही तिची थोरली बहीण. तिला फिबोनाचीचे नाव रूढ केले ते ल्यूकाने. आपल्याकडील छंदःशास्त्रकारांना आणि बाराव्या शतकातील हेमचंद्राला ती त्याआधीच परिचित होती. अशा श्रेणींत प्रत्येक मूळसंख्येची विभाजक म्हणून पहिली पाळी कधी येणार याला मर्यादा असते, आणि ती मर्यादा त्या मूळसंख्येच्या आकारावर अवलंबून असते. तपासावयाच्या संख्येला एखादा लहान विभाजक असता तर त्याची पाळी पुष्कळ आधी येऊन गेली असती. शून्य बाकी इतक्या उशिरा आणि प्रथमच येते, याचा अर्थ एवढाच की विभाजक लहान नाही. तो म्हणजे ती संख्या स्वतःच.

ल्यूकाने आपली कसोटी दोन ठिकाणी लावली. १२७ च्या बाबतीत मेर्सेनचे म्हणणे खरे ठरले. ६७ च्या बाबतीत ते खोटे ठरले. २ चा ६७ वा घात उणे १, म्हणजे १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७, ही मूळसंख्या नाही, असे ल्यूकाने जाहीर केले. ती कोणत्या संख्यांनी भागली जाते हे मात्र तो सांगू शकला नाही. सव्वादोनशे वर्षे चालत आलेल्या यादीला एका शाळामास्तराने असा तडा दिला. सत्तावीस वर्षांनी, १९०३ साली, कोल या अमेरिकन गणितज्ञाने ते विभाजक जगापुढे ठेवले: १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७. सभेत तो एक शब्दही न बोलता फळ्यापाशी गेला, दोन्ही बाजूंचा हिशेब मांडून तो जुळवून दाखविला आणि जागेवर जाऊन बसला, अशी आख्यायिका सांगतात. आख्यायिका खरी असो वा नसो, गुणाकार खरा आहे. वाचकाने तो करून पाहावा.

काशीचा मनोरा

गणितज्ञांच्या वर्तुळाबाहेर ल्यूकाचे नाव ज्यामुळे पोचले ती वस्तू म्हणजे एक खेळणे. १८८३ साली पॅरिसच्या बाजारात हॅनोईचा मनोरा या नावाचे एक कोडे आले. तीन खुंट्या, एकीवर लहानमोठ्या चकत्या उतरत्या क्रमाने रचलेल्या. एका वेळी एकच चकती हलवून आणि लहान चकतीवर मोठी कधीही न ठेवता सारा मनोरा दुसऱ्या खुंटीवर न्यावयाचा. कर्ता म्हणून सयामच्या कोणा क्लाउस नामक प्राध्यापकाचे नाव होते. ते ल्यूका आणि आमिएँ या नावांतील फ्रेंच अक्षरांची उलटापालट करून तयार केलेले टोपणनाव आहे, हे पुढे उघड झाले. या खेळण्याला लवकरच आपल्या काशीची एक कथा चिकटली. तेथील मंदिरात हिऱ्याच्या तीन सुयांवर सोन्याच्या चौसष्ट चकत्या आहेत, पुजारी त्या अहोरात्र हलवीत आहेत आणि मनोरा पुरा होताच जगाचा अंत होईल, अशी ती कथा. काशीत असे मंदिर नाही. ती पॅरिसमधील कल्पकता होय. परंतु तिच्यातील गणित पक्के आहे. चौसष्ट चकत्यांना किमान २ चा ६४ वा घात उणे १ एवढ्या चाली लागतात. सेकंदाला एक चाल धरली तर हा काळ सुमारे ५८,५०० कोटी वर्षे होतो. बुद्धिबळाच्या पटावरील गव्हाचे दाणे आणि काशीच्या मनोऱ्याच्या चाली यांचा आकडा एकच आहे. मेर्सेनच्या यादीतील संख्याही याच घराण्यातील. १२७ चकत्यांचा मनोरा असता तर त्याच्या चाली म्हणजे ती एकोणचाळीस अंकी संख्याच.

ल्यूकाच्या बुद्धीत खेळ आणि गांभीर्य यांची फारकत नव्हती. द्विमान पद्धतीने, म्हणजे केवळ ० आणि १ वापरून, पटावर सोंगट्या मांडून मोठी गणिते कशी करता येतील याचे त्याने विवेचन केले. या पद्धतीत ज्या संख्येने भागावयाचे ती केवळ एकांची ओळ असते. त्यामुळे भागाकाराचे काम सोंगट्या सरकविण्यावर येते. आजचा संगणक हेच करतो. गणितातील मनोरंजनावर त्याने लिहिलेल्या ग्रंथाचे चार खंड प्रसिद्ध झाले, त्यांपैकी शेवटचे दोन त्याच्या मृत्यूनंतर. तो मृत्यूही विलक्षण होता. १८९१ साली मार्सेय येथे विज्ञान परिषद भरली असता भोजनाच्या वेळी वाढप्याच्या हातून बशा पडून फुटल्या. एक तुकडा उडून ल्यूकाच्या गालाला लागला. जखमेत विष भिनले आणि ३ ऑक्टोबर १८९१ रोजी, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी, तो गेला. प्रतिजैविके नसलेल्या त्या काळात एवढीशी जखम पुरेशी होती.

तपासणाऱ्याचीही तपासणी

ल्यूकाची कहाणी येथे संपवून त्याला विजयी वीर ठरविणे सोयीचे झाले असते. परंतु मग याच लेखाचा आशय पातळ होईल. ल्यूकाने १८७८ साली अमेरिकेतील एका नव्या गणितविषयक नियतकालिकाच्या पहिल्याच खंडात आपला सिद्धान्त विस्ताराने मांडला, पण त्यातील काही दुवे कच्चे होते. तेव्हा त्याच्या शब्दावर विसंबणे म्हणजे मेर्सेनच्या जागी ल्यूकाची मूर्ती बसविणे झाले असते. गणिताने तसे केले नाही. १९१४ साली फोकांबेर्ग याने १२७ चा हिशेब पुन्हा करून पाहिला. तो बरोबर निघाला. १९३० साली अमेरिकेतील लेमर याने कसोटीची निर्दोष सिद्धता दिली आणि तिचे रूप अधिक सुटसुटीत केले. आज ती ल्यूका आणि लेमर या दोघांच्या नावाने ओळखली जाते. मेर्सेनच्या यादीचाही पुरता हिशेब लागला. ६७ आणि २५७ हे घात चुकीने आत आले होते. ६१, ८९ आणि १०७ चुकीने बाहेर राहिले होते. अकरा नोंदींच्या यादीत पाच चुका, आणि त्या साऱ्या उघड होण्यास तीन शतके लागली.

ती एकोणचाळीस अंकी संख्या १८७६ पासून १९५१ पर्यंत, पाऊणशे वर्षे, माणसाला ज्ञात असलेली सर्वांत मोठी मूळसंख्या होती. यंत्राच्या साहाय्यावाचून सापडलेल्या मूळसंख्यांत तिच्याहून मोठी नाही. १९५२ च्या जानेवारीत कॅलिफोर्नियातील एका संगणकाने याच कसोटीने घात ५२१ आणि ६०७ यांच्या मूळसंख्या एका रात्रीत शोधल्या. २०२४ साली घात १३,६२,७९,८४१ ची मूळसंख्या सापडली; तिचे अंक चार कोटी दहा लाखांहून अधिक आहेत. तिच्यावर अंतिम शिक्कामोर्तब झाले तेही याच कसोटीने.

या साऱ्याचा उपयोग काय, असा प्रश्न अर्थशास्त्राच्या माणसाला विचारला जाणारच. उत्तर देणे अवघड नाही. दोन मोठ्या मूळसंख्यांचा गुणाकार क्षणात होतो, पण गुणाकारावरून त्या संख्या हुडकणे जवळजवळ अशक्य असते, या विषमतेवर १९७७ साली गुप्तलेखनाची एक पद्धत उभारली गेली आणि बँकांच्या संगणकीय व्यवहारांत ती दीर्घकाळ वापरली गेली. कोलला ६७ च्या बाबतीत जे कष्ट पडले, त्याच कष्टांचे येथे कुलूप झाले. परंतु हे उत्तर देऊन ल्यूकाची किंमत वसूल झाली असे मला वाटत नाही. त्याने बँकांसाठी आकडे मोडले नव्हते, आणि बँका जन्मल्याच नसत्या तरी त्याचे काम तेवढेच मोलाचे राहिले असते.

त्याचे मोल निराळे आहे. आमचा विषय आकड्यांवर जगतो. राष्ट्रीय उत्पन्न, दारिद्र्यरेषा, पिकांचे अंदाज, महागाईचे निर्देशांक हे आकडे आम्ही उतरवितो, विद्यार्थी उतरवितात, परीक्षेत गुण मिळतात आणि आकडा पुढच्या पिढीच्या वहीत जातो. त्यांपैकी प्रत्येक आकडा प्रत्येकाने मुळापासून तपासावा असे कोणी म्हणणार नाही. ते शक्य नाही. पण आकडा कोणी दिला या प्रश्नापाठोपाठ तो कसा तपासता येईल हा प्रश्न विचारण्याची सवय तरी वर्गात लागावयास हवी. सर्व भागाकार करणे अशक्य असते तेथे ताळा शोधावा लागतो, आणि ताळा शोधणे ही बुद्धीची कृती आहे, बळाची नव्हे. ल्यूकाजवळ यंत्र नव्हते, पद नव्हते, अनुदान नव्हते. एक शाळा, एक पट आणि न तपासलेल्या यादीविषयीची अस्वस्थता होती.

मागच्या बाकावरील त्या विद्यार्थ्याला मी दुसऱ्या दिवशी माझा कागद दाखविला. त्याने तो शांतपणे घेतला, खिशातून पेन काढले आणि पहिल्या घरापासून पुन्हा दुप्पट करावयास आरंभ केला. मला त्याचा राग आला नाही.